एक खाच लाल, दोन खाचा हिरवा

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीण म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिनं कमावलेलं होतं. बाकीच्यांच्या चित्रांत पेशी दिसायच्या. हिच्या चित्रांत आधी लाल दिसायचा, मग हिरवा, मग पुन्हा लाल, आणि तरीही तुम्ही चिकाटीनं उभे राहिलात तर पेशी. बाहेरचे पाहुणे आले की भिंतीवरच्या सगळ्या चित्रांना वळसा घालून हिच्याच चित्रापुढे थांबायचे आणि "वा" म्हणायचे. यात दिसतंय काय, असं मात्र कुणी विचारायचं नाही. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

अडचण एवढीच की ज्यांनी "वा" म्हणायला हवं होतं, ते म्हणत नव्हते. ते म्हणजे तिचे सर.

सर तसे भले गृहस्थ. आवाज चढवत नसत, कुणाचं काम आपल्या नावावर खपवत नसत, आणि वाढदिवसाच्या केकचा सगळ्यात लहान तुकडा स्वतः घेत. पण एकदा नाही म्हणाले की नाही. आणि हिच्या चित्रांपुढे ते गेले कित्येक महिने एकच वाक्य म्हणत होते, "मला फरक दिसत नाही."

आता हा फरक काय, ते सांगायला हवं. तिचं काम आतड्याच्या अस्तरावर होतं. या अस्तरातल्या पेशी कडेला कड लावून बसलेल्या असतात, आणि त्या कडेवर दोन प्रथिनं जोडीनं राहतात. अस्तर धडधाकट असलं की दोन्ही जागेवर. ती ज्या आजाराचा अभ्यास करत होती, त्यात पहिलं प्रथिन हूं की चूं न करता जागेवर बसून राहतं आणि दुसरं जागोजागी गुपचूप नाहीसं होतं. हे तिनं शोधून काढलं होतं. पहिल्याला तिनं लाल रंग दिला होता, दुसऱ्याला हिरवा. दोन्ही एका जागी आले की पडद्यावर पिवळा होतो. म्हणजे निरोगी कड सगळी पिवळी, आणि आजारी कड पिवळी, लाल, पिवळी, लाल. आंधळ्यालाही दिसेल, असं ती रागाच्या भरात म्हणायची. पुढे या वाक्याची तिला फार लाज वाटली, पण ते पुढे.

पहिल्यांदा तिनं चित्र दाखवलं तेव्हा ते अगदीच फिकं होतं. सर खुर्चीतून पुढे झुकले होते आणि म्हणाले होते, "इथे काहीतरी आहे का गं? थोडं नीट करून आण." झालं. नीट करून आण म्हटल्यावर रंगारीण काय करणार? तिनं रंग ओतला. पुढच्या वेळी सर कमी झुकले. तिनं आणखी ओतला. तिसऱ्या वेळी ते झुकलेच नाहीत, नुसतं "मला फरक दिसत नाही" म्हणाले. तिनं सबंध प्रयोग पहिल्यापासून पुन्हा केला, नव्यानं फोटो काढले, आणि या खेपेला लाल एवढा लाल केला की सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतल्या तंत्रज्ञानं डोळ्यांवर हात धरला.

या तंत्रज्ञाला सगळे दिवाभीत म्हणत, कारण त्याचा दिवस त्या अंधाऱ्या खोलीत जायचा आणि उजेडात आला की तो घुबडासारखा मिचमिच करायचा. माणूस जिभेनं तिखट, पण हाताखालचं यंत्र तान्ह्या बाळासारखं जपायचा.

"कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, माहितेय ना?" तो म्हणाला. "तो फक्त उजेड आणि अंधार मोजतो. ही सगळी रंगरंगोटी तुझी. त्या बिचाऱ्याच्या माथी मारू नकोस."

"तुला फरक दिसतोय की नाही, तेवढं सांग."

"मला दिसतोय. झाडूवाल्यालाही दिसतोय."

"मग सरांना सांग ना तसं."

दिवाभीत लगेच यंत्राची काच पुसायला लागला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न फार जुना आहे, आणि शिकल्यासवरल्या लोकांनाही तो सुटलेला नाही.

असे चार प्रयोग झाले, आठ महिने गेले. शेवटी सरांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "आकडे फरक आहे म्हणतात, चित्र नाही म्हणतं. मी चित्रावर विश्वास ठेवतो. सोमवारी अकरा वाजता शेवटचं बघू. नाही पटलं तर मंगळवारी समितीपुढे हे काम मांडायचं नाही. प्रबंधातून काढून टाक, नवीन विषय घे." नवीन विषय म्हणजे आणखी दोन वर्षं. तिचं वय एकतिशीला टेकलं होतं, आणि दोन वर्षं म्हणजे काही दोन बिस्किटं नव्हेत, की सर उचलून बाजूला ठेवतील आणि ही बघत राहील.

त्या रविवारी ती आईबाबांकडे गेली, ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. बाबा शिंपी. चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवलेलं, गावभर टेलरमास्तर म्हणून नाव. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून शेजारपाजारचं काज-बटण, चेन बदलणं एवढंच करत. आई त्यांच्या शेजारी बसून हातशिलाई करायची आणि तोंडानं त्यांची उसवण करायची. दोन्ही कामं ती सारख्याच सफाईनं करत असे.

ती पोचली तेव्हा आई टोमॅटो बघत होती. "ये गं. बघ, तुझ्या बाबांनी काय आणलंय. मी म्हटलं लाल आणा. हे बघ. दगड मारायला बरे आहेत."

"पिकतील ठेवले की," बाबा म्हणाले.

"चाळीस वर्षं मी टोमॅटो पिकवतेच आहे."

बाबांचे कच्चे टोमॅटो हा त्या घरातला जुना विनोद होता, आणि तो ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तिला वाटायचं, बाबांचं लक्ष नसतं. तिनं टेबलावरचे कापडाचे तुकडे सारले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बाबा, उद्या सरांना दाखवायचंय. तुमच्यापुढे एकदा तालीम करते. हे डावीकडचं निरोगी, हे उजवीकडचं आजारी. काय फरक दिसतो?"

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग अगदी मनापासून म्हणाले, "छान आहे. दोन्हीकडे सारखं काम आहे."

ती जी भडकली, ती भडकलीच. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर ओतलं. तुम्हीसुद्धा, बाबा? एवढा लाल, एवढा हिरवा, आणि सारखं? मुद्दाम करता का सगळे मिळून? बाबा खाली मान घालून चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

आई हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग पदर तोंडाला लावून, मग तेही सोडून.

"सांगून टाकू का हो आता?" तिनं विचारलं.

"नको," बाबा म्हणाले.

"सांगतेच. अगं, तुझ्या बाबांना लाल आणि हिरवा कळतच नाही. जन्मापासून. दोन्ही एकाच मातीचे दिसतात."

तिला वाटलं, आई नेहमीसारखी खेचतेय. "काहीतरीच. बाबा टेलर आहेत."

"म्हणूनच तर. रंग न ओळखणाऱ्या शिंप्याकडे कोण कापड टाकेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. जा, रिळं आण ती."

ती आतून रिळांचा खोका घेऊन आली. हा खोका तिच्या बाळपणाचा. यातल्याच रिळांचे तिनं मनोरे रचले होते, गाड्या केल्या होत्या, आणि रंगांची नावं आईकडून यांच्यावरच शिकली होती. आईनं एक रीळ उचललं आणि उलटं धरलं. खालच्या कडेला कातरीच्या टोकानं पाडलेली एक बारीक खाच होती. "एक खाच लाल. दोन खाचा हिरवा. तीन तपकिरी. निळ्याला, पिवळ्याला लागत नाही, ते त्यांना दिसतात. नवीन रीळ आलं की दुकान उघडायच्या आधी मी खाच पाडून ठेवायची. यांचा अंगठा बघितलास कधी? रीळ उचललं की आधी खाली फिरतो."

तिनं बघितला होता. हजार वेळा बघितला होता. ती त्यांची लकब आहे असं तिला वाटायचं, आणि खाचा उंदरांनी पाडल्या आहेत असं. मनोरे रचताना त्यांच्यावरून बोट फिरवत ती झोपी जायची. एकतीस वर्षं त्या घरात जी गोष्ट तिच्या बोटांना माहीत होती, ती तिच्या डोक्याला माहीत नव्हती. आणि ही म्हणे रंगारीण. तिला बाबांकडे बघवेना.

"एकदाच चुकलं होतं," बाबा चष्मा लावत म्हणाले. "तुझ्या वेळी आई दवाखान्यात होती तेव्हा. एका बाईंच्या हिरव्या झग्याला लाल दोऱ्यानं टीप मारली. त्या म्हणाल्या, मास्तर, नवी फॅशन का? मी हो म्हटलं. पुढे चार जणींनी तशीच शिवून घेतली."

आई पुन्हा हसायला लागली, आणि आता तीही हसली.

"ते रंग काढता येतात का गं?" आईनं विचारलं. "नुसतं काळं-पांढरं दाखव की त्यांना."

काढता येतात का. तीन कळा दाबायचं काम. रंग तिनंच तर भरले होते, खाली उजेड-अंधार जसाच्या तसा पडून होता. तिनं दोन्ही प्रथिनांची चित्रं सुटी केली, राखाडी केली आणि शेजारी शेजारी लावली. पण लावली तर काय दिसावं? पांढरेशुभ्र जाड पट्टे. रंग उठून दिसावा म्हणून तिनं एवढा उजेड चढवला होता की बारीकसारीक सगळं त्यात बुडून गेलं होतं.

"हे जास्त झालंय," बाबा म्हणाले. "आणि डावीकडचं आणि उजवीकडचं एकाच मापानं घेतलंयस का?"

घेतलं नव्हतं. ज्याला जेवढं खुलेल तेवढं दिलं होतं.

"दोन बाह्यांना दोन टेप लावतात का?" बाबांनी विचारलं. रागावून नाही, नुसतं विचारलं. पण शिंप्याच्या पोरीला त्याहून जास्त काय लागणार.

तिनं आठ महिने मागे जाऊन पहिली फाइल उघडली. तीच, फिकी. दोन्ही बाजूंना एकच माप लावलं. आता पडद्यावर चार राखाडी चौकोन होते: वर निरोगी, खाली आजारी, आणि दोन्हींत प्रथिनं सुटी सुटी. बाबा पुढे झुकले. त्यांचा अंगठा पडद्यावरून हळूहळू फिरायला लागला, कापडाची शिवण तपासतात तसा. खालच्या ओळीत दुसऱ्या चौकोनावर तो थांबला. मागे गेला. पुन्हा थांबला.

"ही तर बॉबिन संपल्याची टीप आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मशिनीत दोन दोरे असतात की नाही? वरचा आणि खालचा. खालचा बॉबिनचा. तो मध्येच संपला किंवा सुटला, तरी सुई चालतच राहते. वरून बघशील तर टीप आहे. दोरा दिसतो. गिऱ्हाईक म्हणेल, झकास. पण खाली धरायला काही नाही. जरा ओढ बसली की उसवलंच." त्यांनी पहिल्या चौकोनावर अंगठा ठेवला. "हा तुझा वरचा दोरा. सलग आहे. आणि हा खालचा. इथे सुटलाय, इथे सुटलाय, इथेही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "हेच दाखवायचं होतं का तुला?"

तिच्या प्रबंधाचं एकशे चाळीस पानांचं म्हणणं होतं ते. तेवढंच होतं. तिनं नुसती मान हलवली, कारण बोलली असती तर रडली असती. आईनं न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

मग पाणी पिताना तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसायला लागली. सरांचे मोजे. एक मेंदी, एक विटकरी, असं आठवड्यातून दोनदा तरी. प्रयोगशाळेत त्यावर बरीच मतं होती. काहींच्या मते थोर लोकांचं असंच असतं, आणि दिवाभीताच्या मते सरांच्या घरी अबोला होता. मग सरांचा फळा. सर स्वतः उचलत ते फक्त काळं पेन. लाल हवं असलं की हात मागे करून "लाल" म्हणत आणि कुणीतरी ते हातात ठेवत असे. सगळ्यांना ती ऐट वाटायची. आणि ती हिरवी फाइल, जी ते तीन वर्षं "ती तपकिरी" म्हणत होते, आणि सगळे बिचारे तीन वर्षं निमूट उठून हिरवी आणून देत होते.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या सरांना पण."

आईबाबांनी एकमेकांकडे बघितलं. असं बघणं चाळीस वर्षं एक मूठ दोघांनी मिळून झाकली की येतं.

"मग आता काय करशील?" आईनं विचारलं. "भर बैठकीत सांगशील, सर, तुम्हाला दिसत नाही?"

"मग काय सांगू?"

"आधी चित्र सुधार. राखाडी दाखव, आणि दोन्ही एकत्र दाखवायचंच असेल तर लाल काढून राणी कलर घाल. राणी आणि हिरवा यांना कधी चुकला नाही. निळा असतो ना त्यात थोडा."

राणी कलर म्हणजे तिच्या संगणकातला मॅजेंटा. मोठमोठ्या परिसंवादांत लोक त्यावर तासभर व्याख्यान देतात, आणि ती त्या व्याख्यानांना मागच्या रांगेत बसून स्वतःची लाल-हिरवी चित्रं न्याहाळत असायची. पुस्तकात वाचून जे कळलं नाही, ते टोमॅटो निवडता निवडता आईनं सांगितलं.

निघताना बाबा दारापर्यंत आले. गुडघ्यांमुळे ते सहसा येत नसत. म्हणाले, "पोरी, त्यांचं त्यांना विचारू नकोस. माझं सांग."

"तुमचं? पण तुम्हीच तर नको म्हणत होतात."

"आता कोण माझ्याकडे लग्नाचे कपडे टाकतंय. सांग, माझे वडील शिंपी, त्यांना असं असं दिसतं. पुढचं त्यांचं ते बघतील."

सोमवारी आठ वाजता ती दिवाभीताच्या दारात उभी होती. त्याच्या मोठ्या पडद्यावर चित्र लावल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. रंगाची निवड ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "गुलाबी? ओठांना लावायचंय की समितीला दाखवायचंय?" पण चित्र पडद्यावर आलं तेव्हा तो गप्प झाला, आणि दिवाभीत गप्प झाला म्हणजे ती पावतीच. दोन्ही प्रथिनं जिथे जोडीनं होती तिथे कड पांढरी झाली होती. जिथे खालचा दोरा सुटला होता तिथे राणी कलर. शेजारी सुटे राखाडी चौकोन. कोपऱ्यात मापाची रेघ. आणि प्रत्येक चौकोनावर काय आहे ते साध्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणजे कुणाला रंगावरून ओळखायची वेळच येऊ नये.

"हा कुठला फोटो?" त्यानं विचारलं.

"पहिला. आठ महिन्यांपूर्वीचा."

"म्हणजे मधले तीन प्रयोग—"

"बोलू नकोस."

"मी कुठे बोलतोय," दिवाभीत म्हणाला, आणि दिवसभर ज्याला भेटेल त्याला सांगत सुटला.

अकरा वाजता सरांनी चित्र बघितलं. मोजे त्या दिवशी योगायोगानं जुळत होते. ते आधी मागे टेकून बसले होते. मग हळूहळू पुढे झुकले, आठ महिन्यांपूर्वी झुकले होते तसे. चष्मा वर सरकवला, खाली घेतला. खालच्या ओळीतल्या दुसऱ्या चौकोनाशी त्यांची नजर थांबली.

"हे चांगलं झालंय," ते म्हणाले. "फार चांगलं झालंय. नवीन प्रयोग ना हा?"

आता इथे हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सरांची शान राहिली असती, हिचं काम झालं असतं, आणि सगळे आपापल्या घरी सुखी. पण फाइलवर तारीख होती, आणि असल्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हे तिला शिकवलं होतं ते याच सरांनी.

"नाही सर. पहिलाच आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, इथे काहीतरी आहे का. तोच."

सरांनी फाइलवरची तारीख बघितली.

"सर, माझे वडील चाळीस वर्षं शिंपी आहेत, गावात टेलरमास्तर म्हणतात," ती म्हणाली. "त्यांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. आई त्यांच्यासाठी रिळांना खाचा पाडून ठेवते. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मी त्यांना माझं जुनं चित्र दाखवलं तर म्हणाले, दोन्हीकडे सारखं आहे. रंग काढून दाखवलं तर म्हणाले, ही बॉबिन संपल्याची टीप आहे, वरचा दोरा दिसतो पण खालचा सुटलाय, ओढ बसली की उसवणार. चूक माझ्या रंगांची होती, सर. तुम्ही सारखं सांगत होतात, आणि मी आणखी रंग ओतत होते."

सरांनी टेबलावरचं काळं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"टेलरिंग अजून करतात का?" त्यांनी विचारलं.

"काज-बटण. चेन वगैरे."

"आणि कुणाला कळलं नाही. चाळीस वर्षं."

"कुणालाच नाही, सर."

सर पुन्हा चित्राकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटायचं, जमतंय." एवढंच. कशाबद्दल ते बोलले नाहीत आणि तिनं विचारलं नाही. मग त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "खाचा कुठे पाडतात?"

"खालच्या कडेला. एक खाच लाल, दोन खाचा हिरवा."

"हं," सर म्हणाले. "उद्या समितीपुढे हेच मांड."

ती बाहेर आली आणि जिन्यात बसून पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि उद्याची तयारी करायला गेली.

मंगळवारी समितीत पाच जण होते. तिनं चित्र लावलं, म्हणणं मांडलं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "पण पहिलं प्रथिन जागेवर आहे, तर अस्तर कमजोर का व्हावं?" ती उत्तराला तोंड उघडते तोच सर उठले आणि फळ्याशी गेले.

आता हात मागे येईल, असं सगळ्यांना वाटलं. पडदा सांभाळायला म्हणून तिच्या शेजारी बसलेल्या दिवाभीतानं सवयीनं अर्धं उठूनही घेतलं. पण हात मागे आला नाही. सरांनी फळ्याच्या पट्टीवरून एक पेन स्वतः उचललं. त्यांचा अंगठा टोपणाच्या कडेवरून फिरला. ते खाली ठेवलं, दुसरं उचललं, अंगठा फिरला आणि थांबला. मग त्यांनी फळ्यावर एक सलग लाल रेघ ओढली, आणि दुसऱ्या पेनानं तिच्याखाली एक तुटक हिरवी.

"वरचा दोरा आणि खालचा दोरा," ते म्हणाले. "बॉबिन संपली तरी वरून टीप दिसत राहते. जरा ओढ बसली की उसवते. हे माझं नाही. एका टेलरमास्तरांचं आहे, आणि आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना दिसलं."

तिनं दिवाभीताकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"टोपणांवर खाचा तू पाडल्यास?" तिनं हळूच विचारलं.

"मी कशाला पाडू," तो तोंड न हलवता पुटपुटला. "काल संध्याकाळी माझ्या खोलीत आले. दार लावलं, खिशातून ब्लेड आणि सहा पेनं काढली आणि म्हणाले, यातलं लाल कुठलं ते सांग, कापतो मी. वीस वर्षं आहे मी इथे. त्यांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं मला." तो मिचमिच करायला लागला. खोलीत उजेड होता, असं त्याचं म्हणणं.

समितीनं काम मंजूर केलं. तिनं जिन्यात उभं राहूनच घरी फोन लावला. बाबांनी उचलला. तिनं सगळं सांगितलं, फळा, दोन रेघा, आणि सर जे बोलले ते शब्दन्‌शब्द. पलीकडून काही आवाजच येईना.

"बाबा? ऐकताय ना?"

"टेलरमास्तर म्हणाले?" बाबांनी विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मग फोनवर नुसती खुडबूड झाली आणि आईचा आवाज आला. "त्यांना आता बोलता यायचं नाही, डोळे पुसतायत. पुसू देत, चाळीस वर्षांचं आहे. आणि हे बघ, आज पुन्हा कच्चेच टोमॅटो आणलेत, तेवढं मात्र तुझ्या सरांना सांगू नकोस."